पाठमोरी शांतता

फोन वाजला तेव्हा ती ऑफिसच्या जिन्यात होती. लिफ्टपाशी तिच्याच मजल्यावरच्या माणसांचा घोळका उभा होता आणि सकाळी सकाळी कुणाकडे बघून हसावं लागू नये म्हणून तिने जिना पत्करला होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, आणि फोन अर्थातच पर्सच्या तळाशी, किल्ल्या, गोळ्या आणि जुन्या पावत्यांच्या खाली. हाती लागेपर्यंत वाजायचा थांबणार असं धरूनच ती चाचपडत होती. पण तो थांबला नाही. पडद्यावर नाव होतं : ताई.

ती जागच्या जागी उभी राहिली. डबा कठड्यावर टेकवला. "हॅलो," म्हणाली. पलीकडून काही नाही. "ताई? अगं, हॅलो?" काही नाही. म्हणजे अगदीच काही नाही असं म्हणता येणार नाही. पंखा फिरत होता आणि त्याचं एक पातं कुरकुरत होतं, लांब कुणीतरी भांडं पालथं घातलं, आणि अगदी जवळ एक श्वास आत घेतला गेला, तो बाहेर सोडायचा राहूनच गेला. या सगळ्याच्या वर एक शिट्टी होती. सुईच्या टोकाएवढी बारीक, हळूहळू वर चढत जाणारी. मग फोन बंद.

दुसरी कुणी असती तर 'लागला असेल चुकून' म्हणून पुढच्या पायऱ्या चढली असती. पण हिचं पोटच असल्या गोष्टींवर चालत होतं. देशोदेशीच्या मालिका लोकांना घरबसल्या दाखवणाऱ्या ज्या सेवा असतात, त्यांचा माल तयार करून देणारी तिची कंपनी. एक मालिका यायची, तिला डझनभर भाषांतले आवाज चढवायचे, खाली ओळी लिहायच्या, आणि मग ती एकाच दिवशी सगळीकडे सोडायची. मध्ये एक यंत्र बसलेलं असायचं. ते सगळं ऐकायचं आणि जिथे कुणी बराच वेळ बोलत नाही तिथे लाल खूण करायचं. यंत्राला शांततेची भीती वाटते. आवाज गेला तर गिऱ्हाईक गेलं, एवढंच त्याला शिकवलेलं. त्या लाल खुणा हिच्याकडे यायच्या. हिने कानाला हेडफोन लावायचा, ऐकायचं, आणि दोनपैकी एक बटण दाबायचं : 'मुद्दाम' किंवा 'चूक'. माणसं मुद्दाम गप्प बसलीत, की बोलत होती आणि आवाज हरवला? इतकी वर्षं ती हेच ठरवत आली होती. ऑफिसात तिचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं, बाकी सगळे तिला शांतताबाई म्हणत, आणि कॅन्टीनमध्ये ती गप्प जेवत बसली की कुणीतरी हमखास म्हणे, "बाई, खूण लागेल हं."

आणि आता ही शांतता. मुद्दाम की चूक? जिन्यात उभ्या उभ्या ती ठरवू शकली नाही, हा तिला स्वतःच्या धंद्याचा अपमान वाटला. उलट फोन करावा, तर तिथे दुसरा हिशेब आडवा आला. ताई आणि ती बोलत नव्हत्या. म्हणजे भांडण झालं, दारं आपटली, असं काही नाही. बोलणं नुसतं कमी कमी होत आटलं होतं. शेवटचे सगळे फोन हिने केलेले. 'मीच का?' असं म्हणून एके दिवशी हिने हात आखडला, आणि त्या दिवसापासून पाळी ताईची होती. आता ताईच्या नंबरावरून फोन आला खरा. पण तो पोकळ. पोकळ फोन जमेला धरायचा का? खिशात दाबला जाऊन लागला असेल, आणि आपण धावत उलट फोन केला, तर ताई म्हणणार, "मी कुठे केला होता?" तेवढं ऐकायची तिची तयारी नव्हती. तिने फोन परत किल्ल्यांच्या खाली पुरला आणि वर आली.

जागेवर बसली, तरी ती शिट्टी कानातून जाईना. तिला खरं तर आज दुसरीच काळजी असायला हवी होती. आजपासून तिची योजना चालू व्हायची होती. होय, तिचीच. लोकांना वाटतं असल्या सुधारणा वरून येतात आणि खालची माणसं रडतात; ही खालून वर गेली होती. मूळ मालिकेत नवराबायको जेवणाच्या टेबलाशी गप्प बसलेत, हे एकदा ऐकून 'मुद्दाम' म्हटलं की झालं. पण तेच टेबल आणि तेच नवराबायको डझनभर भाषांतून परत परत तिच्याकडे यायचे आणि ती परत परत तेच बटण दाबायची. परक्यांच्या संसारातल्या इतक्या अबोल्यांना इतक्या वेळा हजर राहून तिचे कान किटले होते. म्हणून तिने सुचवलं, मूळ भाषेत एकदा ठरवा; तोच निकाल बाकी सगळ्या भाषांना आपोआप लागू. कामाचा ढीग बसल्या जागी वितळला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिच्या टेबलाला खुर्ची लावून चहा घेतला. या साहेबांना सगळे कॅलेंडरसाहेब म्हणत, कारण मालिका चांगली की वाईट, खून कुणी केला, कशाशी त्यांना घेणं नव्हतं. ती तारखेला निघते की नाही, एवढंच. वयाने हिच्यापेक्षा बरेच लहान. या खेपेची मालिका नव्या पद्धतीने जाणारी पहिली होती, आणि तिच्या सगळ्या शांतता शांतताबाईंनी एकदाच ऐकून मंजूर केल्या होत्या.

एकदा ठरवा आणि सगळीकडे लावा. ताईच्या बाबतीतही तिने तेच केलं होतं, पण ते तिला त्या सकाळी दिसत नव्हतं. दिसत होती फक्त ताईची पाठ. आई शेवटचे महिने ताईकडे होती. ही सुट्टीच्या दिवशी जायची, आईच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसायची. उघड्या दारातून स्वयंपाकघर दिसायचं आणि त्यात ओट्याशी स्टूलवर बसून शेंगा मोडणारी ताई, पाठमोरी. आई थकली होती. उशाशी एक टेबलावरचा दिवा होता, त्याचं बटण ती मध्येच चाळवत बसायची, लावायची, मालवायची, लहान मुलासारखी. हिला ते बघवत नसे, आणि तेवढ्यात ताई हात पुसत काहीतरी बघायला आत येऊन जायची. एकदा असंच बसलेली असताना आई म्हणाली, "अगं…" हिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. पाठ हलली नाही. "अगं…" आई परत म्हणाली, जरा मोठ्याने. ओट्यावर शेंगा कटकट मोडतच होत्या. हिला उठता आलं असतं. पण आज बघायचंच, असं म्हणून ती बसून राहिली. तिसऱ्या हाकेला तिने दातओठ खात उठून पाणी दिलं. आईने घोटभर घेतलं न घेतलं, आणि हिचं मनगट धरून ठेवलं, बराच वेळ.

आणि मग आई गेल्यावर, खोली आवरायच्या दिवशी, कपाटापुढे उभी राहून ताई चादरींच्या घड्या घालत होती, तेव्हाही पाठमोरीच. हिच्या तोंडून निघून गेलं, "आई हाका मारायची आणि तू ढिम्म बसून असायचीस. हे मी विसरणार नाही." बोलून झाल्यावर ती हातातली उशी तशीच धरून वाट बघत राहिली. ताई वळेल, ओरडेल, एखादी चादर तोंडावर फेकेल. ताईने चादरीची घडी घातली. तिच्यावर दुसरी ठेवली. वळली नाही, एक अक्षर बोलली नाही. त्या पाठीवर हिने सगळं वाचलं : तिरस्कार, 'तू कोण मला विचारणार', आणि कायमचं तोडून टाकलेलं काहीतरी. मनातल्या मनात तिने बटण दाबलं. मुद्दाम. पुढे सगळ्याला तोच निकाल आपोआप लागू झाला. फोनवर विचारावं, "गुडघा कसा आहे?" तर ताई म्हणणार, "हो, आले होते ते परवा." मुद्दाम. "मी येऊ का रविवारी?" तर, "बरं बरं, ठेवते." मुद्दाम. मग ताई फोनच उचलेनाशी झाली. भावोजी उचलायचे आणि म्हणायचे, "ती जरा कामात आहे." कसलं काम? दोन माणसांच्या घरात असं काय काम निघतं? आईच्या मागे तिला रक्ताचं असं हे एकच माणूस उरलं होतं, आणि ते तिने एका वाक्याने घालवलं, हे ती रोज थोडं थोडं मान्य करत आली होती. जिन्यातल्या फोनने ते सगळं परत मोकळं केलं. मुद्दाम गप्प बसायला कुणी स्वतःहून फोन करतं का?

"शांतताबाई, तिसरा भाग. खिडकीचा प्रसंग."

समोर सबटायटल उभा होता. पडद्याखालच्या ओळी बघणारा हा माणूस. वर्षानुवर्षं दोन ओळींत मावेल एवढंच लिहून त्याला बोलायचीही तशीच सवय लागली होती. बायकोशी भांडतानाही तो तिसरी ओळ काढत नाही, अशी त्याची ख्याती होती.

"त्याला काय झालं?" ती म्हणाली. "मुद्दाम आहे तो. मीच मंजूर केलाय."

"मूळ भाषेत मुद्दाम. एका डबिंगमध्ये माझ्याकडे ओळ आहे, आवाज नाही."

तिने हेडफोन लावला. प्रसंग तिला पाठ होता : नवरा खिडकीशी उभा, खोलीकडे पाठ. बायको दारात बॅग घेऊन. ती विचारते, "काहीच म्हणायचं नाही?" तो काही बोलत नाही; बाहेर गाडी जाते, पडदा हलतो, आणि ती निघून जाते. मूळ मालिकेत एवढंच. पण पाठमोरा माणूस म्हणजे डबिंगवाल्यांना आंदण मिळालेली जागा. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. या एका भाषेतल्या लेखकाला एवढा अबोला सोसला नसावा. त्याने खिडकीकडे तोंड करून उभ्या नवऱ्याला लिहून दिलं होतं, 'जा. पण परत ये.' नटाने ते म्हटलंही होतं. आवाज चढवताना ते कुठेतरी गळून पडलं. आणि मूळ शांतता मुद्दाम, म्हणून ही पण मुद्दाम, असं म्हणून तिच्या योजनेने तिला पुढे पाठवून दिलं. पुढल्या भागात ती बायको परत येते आणि म्हणते, "तू ये म्हणालास म्हणून आले." लोक म्हणणार, कधी म्हणाला?

तिने परत ऐकलं. गाडी होती, पडदा होता, खोलीची ती बारीक घरघर होती. कुठेही काही तुटल्यासारखं नाही. नुसत्या कानाने तिलाही कळलं नसतं. तो बोलला होता. आणि पाठीवरून ते कळायची सोय नव्हती.

दोघं कॅलेंडरसाहेबांकडे गेले. साहेब भिंतीवरच्या तारखांच्या चौकोनांकडे बघत उभे होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तारीख हलते का?"

"सगळं पुन्हा ऐकायचं म्हटलं तर हलेल," ती म्हणाली. "पण सगळं कशाला? याच्या ओळी आपल्याकडे आधीच येतात. यंत्राला म्हणावं, शांततेशेजारी ओळी लावून बघ. लिहिलेलं आहे आणि ऐकू येत नाही, अशी जागा दिसली तर निकाल आपोआप लावू नकोस, माणसाला विचार."

"फक्त तेवढ्याच जागा?"

"तेवढ्याच."

"आणि तारीख?"

"हलत नाही."

"मग तुम्ही दोघं अजून इथे उभे का?"

यंत्रावर बसणाऱ्या मुलीने जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते जमवून दिलं. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत राहिली आणि शांतताबाई तिच्याकडे, दवाखान्यात आतल्या दाराकडे बघावं तशी बघत बसली. सगळ्या भाषा, सगळे भाग. निघालं काय, तर तेवढीच एक जागा. बाकीच्या सगळ्या शांतता खऱ्या होत्या. गळून पडलेला आवाज डबिंगवाल्यांकडे सापडला, जागेवर बसला. योजना मोडली नव्हती. तिच्यात एक खिडकी ठेवायची राहिली होती, ती आता ठेवली गेली. अंगावरून कुणी ओलं पोतं काढून घ्यावं तसं तिला वाटलं, आणि भूकही लागली.

डबा उघडताना मात्र शिट्टी परत आली. समोर सबटायटल मुकाट्याने पोळीचा तुकडा मोडत होता. "तुला एक आवाज ओळखता येईल?" तिने विचारलं, आणि दातांमधून हवा सोडून, ओठ आवळून, ती शिट्टी काढली. बारीक, वर चढत जाणारी. बाजूच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. या वयाच्या बाईने कॅन्टीनमध्ये शिट्टी वाजवणं हे त्यांच्या कामाच्या करारात बसत नव्हतं.

"पुन्हा," तो म्हणाला. तिने पुन्हा वाजवली.

"सासऱ्यांचं कानातलं यंत्र. नवंकोरं होतं तेव्हाची गोष्ट. फोन कानाजवळ नेला की अस्संच ओरडायचं."

"तुझ्या तीन ओळी झाल्या," ती म्हणाली. पण हे म्हणणारी ती कुणी दुसरीच होती. ती स्वतः तेव्हा ताईच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि ओट्याशी शेंगा मोडणारी ती पाठ तिला पहिल्यांदा नुसती पाठ दिसत होती. तिच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. गुडघा कसा आहे. हो, आले होते ते परवा. रविवारी येऊ का. बरं बरं, ठेवते. एकेक फोन उलटा फिरून तिच्याकडे यायला लागला, आणि प्रत्येकावर तिच्याच हाताने दाबलेलं बटण होतं. तिने डब्याचं झाकण लावलं. "हे खाऊन टाक," असं सबटायटलला म्हणाली आणि उठली.

कोपऱ्यातली आवाज भरायची खोली रिकामी होती. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या त्या खोलीत बाहेरचं काही येत नाही. स्वतःच्या गिळण्याचाही आवाज होतो. तिने दार ओढून घेतलं आणि फोन लावला. पाळी कुणाची, हे विचारायला तिच्या मनातला मुनीम त्या वेळी जागेवर नव्हता.

"हॅलो! हॅलो! थांब, थांब हां!" शिट्टी वर चढली, खरखर झाली, मागे भावोजींचं "अगं, जरा लांब धर" ऐकू आलं. "हां. बोल आता."

"ताई."

"अगं बाई! कित्ती बारीक आवाज आहे तुझा! असाच होता का गं आधी?"

तिला हसू आलं. "सकाळी तूच केला होतास ना?"

"मीच. म्हटलं, पहिला फोन चिमीला. तू हॅलो म्हणालीस, तेवढं आलं गं, स्वच्छ आलं! मी म्हटलं, बाई, हिचा आवाज! आणि मला बोलताच येईना. तेवढ्यात हे कार्टं कानात ओरडायला लागलं. घाबरून बंद केला. ह्यांना म्हटलं, जेवल्यावर तुम्ही शेजारी बसा, मग करते."

"आणि इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? बहिरी झाले म्हणून? तू लगेच डॉक्टरांची यादी घेऊन दारात उभी. ह्यांना शपथ घातली होती. बिचारे, बेल वाजली की मला डोळ्यांनी खुणवायचे."

"मला वाटलं, तू चिडली आहेस माझ्यावर."

"मी? कशावर?"

फोनमधून पंख्याचं कुरकुरणारं पातं येत होतं.

"हां, बरं आठवलं," ताई म्हणाली. "आईची खोली आवरत होतो तेव्हा तू माझ्या मागे उभी राहून काहीतरी म्हणालीस. बोलतेयस एवढं कळलं. वळले असते तर तुझ्या तोंडाकडे बघून समजलं असतं. पण डोळे भरून आलेले, तुला दिसायला नको म्हणून नाही वळले. काय म्हणत होतीस?"

इतके महिने ते वाक्य छातीवर दगडासारखं घेऊन ती झोपत आली होती. आणि ते मुळात पोचलंच नव्हतं. तिच्या हातून सुटलं आणि कुठेही न लागता खोलीतच पडून राहिलं.

"काही नाही गं. सुतळी मागत होते."

"मग दिली का मी?"

"कुठची! ढिम्म उभी होतीस."

"मेले मी!" ताई इतकी हसली की यंत्र परत शिट्टी मारायला लागलं, आणि मागून भावोजीही हसले, कशाला ते न कळता.

हसणं ओसरल्यावर तिने जपून विचारलं, "ताई, आईने बोलावलं तर तुला कळायचं कसं?"

"आईला? तिला सगळं माहीत होतं, चिमे. तिनेच पहिल्यांदा ओळखलं. मला हाक मारायचीच नाही कधी. उशाशी दिवा दिला होता ना तिला? तो लावायची, मालवायची. स्वयंपाकघरातल्या फरशीवर उजेड हलला की मी उठायचे. आमचं ठरलेलं होतं."

दिव्याचं बटण चाळवणारी आईची बोटं तिला दिसली. आणि मग, त्यामागून, ते "अगं…". नाव न घेता मारलेली हाक. ताईला आई हाक मारत नसे. खोलीत ऐकू येणारं माणूस एकच होतं. खुर्ची घेऊन बसलेलं, तोंड स्वयंपाकघराकडे केलेलं. आईला पाणी नको होतं. म्हणूनच तर तिने घोटभरच घेतलं आणि मनगट धरून ठेवलं. तिसऱ्या हाकेला का होईना, पण आपण उठलो होतो. ते मनगट तिने दुसऱ्या हाताने धरून पाहिलं. गादी लावलेल्या त्या खोलीत तिला स्वतःची नाडी ऐकू येत होती.

"चिमे? आहेस ना?"

"आहे."

"अगं, मग गप्प का? मला वाटलं, हे परत बंद पडलं. बोल की काहीतरी, आता येतंय मला."

"यंत्र चांगलं आहे, ताई," ती म्हणाली. "मीच थांबलेय जरा. मुद्दाम."